दातांच्या दवाखान्यातला अंतिम सामना

४ तारीख, सोमवार

सूनबाई,

फोन करू नका, असं तू सांगितलंस. पत्र लिहू नका, असं काही म्हणाली नव्हतीस. म्हणून लिहितेय. उभा जन्म टेलिफोन खात्यात लोकांचे नंबर जोडण्यात गेला आणि म्हातारपणी टपालखात्याच्या पाया पडायची वेळ आली. पडते. तिथे ओळखीचं कुणी नाही, त्यामुळे लाजही नाही.

वर सवयीनं 'चि. सौ.' लिहायला गेले आणि पेन अडलं. कोर्टाचा कागद झाला की 'सौ.' जातं म्हणतात. 'सूनबाई'ही जातं का, ते वकिलाला विचारावं लागेल. मी विचारणार नाही. वकील फुकट उत्तर देत नाहीत, आणि दिलं तर ते आपल्या सोयीचं नसतं.

मी अजून इकडे परदेशात त्याच्याकडेच आहे. दोन महिन्यांसाठी म्हणून आले, ते लांबत चाललंय. घर पाचव्या मजल्यावर. मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आणि त्याच्याच इमारतीतली लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. यावर माझ्याबरोबर हसायला इथे कुणी नाही. त्याला सांगितलं तर तो हसायचं सोडून नेमका बिघाड काय आहे ते समजावत बसला. सकाळी जातो, संध्याकाळी येतो, "आई, बरं आहे ना?" विचारतो, जेवतो. वाईट वागत नाही गं. पण घरात दोन माणसं आहेत असं त्या भिंतींना अजून कळलेलं नाही.

पत्राचं खरं कारण वेगळंच. काल आपल्या हॉकीच्या मुली उपांत्य फेरीत गेल्या. तू बघितलंच असशील. मी त्याच्या लॅपटॉपवर पाहिलं. समालोचन इथल्या भाषेत, म्हणजे माझ्या लेखी नुसता मिक्सर चालू. शेवटच्या सत्रात समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि आपल्या मुली मास्क चढवून गोलमध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा मी मोठ्यांदा विचारलं, "ही डावीकडची एवढी पुढे का गं उभी?" आणि मग फ्रिजची घरघर तेवढी ऐकू आली. गोल वाचला. मी टाळ्या वाजवल्या. एकट्या माणसाच्या टाळ्या फार विचित्र वाजतात, तुला सांगते.

तुझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. मी माझी मालिका लावायला गेले, तर तू दारात उभी राहून म्हणालीस, "आई, अर्धा तास द्याल?" हॉकी होती. तो अर्धा तास सात वर्षं चालला. तू जमिनीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून, आणि मी पलंगावर भाजी निवडत. शेजारीण एकदा म्हणाली होती, सासूच्या पुढ्यात पाय पसरते म्हणजे काय. मी म्हटलं, गोलकीपर आहे ती, पाय पसरणं हेच तिचं काम. तुम्हा दोघांचं काय बिनसलं ते ना त्यानं सांगितलं, ना तू. मी विचारलंही नाही. तुमचं बिनसलं ते तुमचं. पण माझं आणि तुझं तर काहीच बिनसलं नव्हतं, मग माझा अर्धा तास का गेला, एवढंच मला समजत नाही.

बाकी ठीक. दाढ दुखते. त्याच्या ओळखीतली एक दातांची डॉक्टर आहे, तिच्याकडे जातेय.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
आई

१० तारीख, रविवार

सूनबाई,

उपांत्य फेरीत यजमानांना त्यांच्याच मैदानावर हरवलं! इथे सगळा देश तोंड पाडून बसलाय, आणि मी खाली कपडे धुवायच्या खोलीत गेले तेव्हा हसू लपवायला मला मशीनमध्ये डोकं घालावं लागलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो गोल मीच मारलाय.

दाढेचं काम लांबलं. आधी साफ केली, आता दोन-तीन खेपा आहेत. डॉक्टरीणबाई हाताला हलकी आहे. आपल्याच भाषेतली, पण लहानपणापासून इकडे वाढलेली. मराठी येते, पण घडी न मोडलेल्या साडीसारखी. सगळ्यांना 'तुम्ही' म्हणते. दवाखान्यात एक मांजर येतं, त्यालाही 'तुम्ही बाहेर जा' म्हणते, आणि ते जातं.

बुधवारी ती इथे जेवायला आली होती. मी मऊ भात केला, कारण मला चावता येत नाही. पानं घ्यायला तिनं मदत केली. चमचे कुठल्या कप्प्यात असतात ते तिला विचारावं लागलं नाही. मला अजून विचारावं लागतं.

हे पत्र तुला लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. कारण असं झालं की मी टेबलावर पाकीट ठेवलं होतं, त्यावर तुझा पत्ता. त्यानं पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं, मला रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. खात्यात रोज तेच करायचे मी. तो खुर्ची ओढून समोर बसला आणि म्हणाला, "तिला मोकळं सोड, आई. आणि मलाही."

मी गालाकडे बोट दाखवलं. तोंडात औषधाचा बोळा होता, हे निमित्त.  मी तुला धरून ठेवलंय का? सांग. मला वाटत होतं, मी नुसती बसलेय.

तो वाईट नाही म्हणाले मागच्या पत्रात, ते अजूनही म्हणते. माझा आहे म्हणून नव्हे.

अंतिम सामना शनिवारी दुपारी. शनिवारी त्याला दुसऱ्या गावी कामावर जायचंय, लॅपटॉप बरोबर जाणार. संध्याकाळपर्यंत येईल. घरातल्या टीव्हीवर तो सामना दिसत नाही, त्याला वेगळं काहीतरी घ्यावं लागतं म्हणे. मी म्हटलं राहू दे. पण राहू दे म्हटलं तरी मन कुठे राहतंय. तुझं काय चाललं असेल? कुणाबरोबर बघणार आहेस? शाळेत तू हॉकी शिकवतेस त्या मुली असतील तर त्यांना पुढे बसव आणि तू मागे बस, नाहीतर तुझ्या आरडाओरड्यानं त्या खेळ सोडून देतील.

आई

१७ तारीख, रविवार

सूनबाई,

काल तू फोन केलास. आपण बोललो ते तुला माहीतच आहे. फोनच्या या टोकाला काय काय झालं ते तुला माहीत नाही, आणि फोनवर मी ते नीट सांगितलंही नाही. आता सांगते. पहिली दोन पत्रं तुला अजून मिळाली नसतील. मिळाली की तुझ्या लक्षात येईल, मी त्यात ताकाला जाऊन भांडं लपवलंय.

शुक्रवारी दाढेवर टोपी बसवताना डॉक्टरीणबाईनं विचारलं, "उद्या तुम्ही काय करता?" तोंड उघडं, त्यामुळे मी नुसते हात हलवले. तिला काय कळलं कोण जाणे. म्हणाली, "दवाखान्यात टीव्ही आहे. सगळी चॅनेलं दिसतात, लोकांनी कंटाळू नये म्हणून. उद्या एकच पेशंट आहे. तुम्ही या."

मी गेले. जाताना फोन चार्जिंगला लावला होता तो तसाच विसरले. तसाही तो घरचं वायफाय सुटलं की मुका होतो.

बसायची खोली लहान. सहा खुर्च्या, भिंतीवर दात घासण्याची चित्रं, कोपऱ्यात माशांची काचेची पेटी. तो एकुलता एक पेशंट म्हणजे गिलावा करणारा एक दांडगा माणूस, बुटांवर चुना, गाल सुजलेला, तोंडात कापूस. त्याची दाढ काढून झाली होती, भूल उतरेपर्यंत थांबायचं होतं. तो यजमान देशाचा. मी मनात म्हटलं, झालं, हा आता आपल्या मुलींना शिव्या घालणार. तर त्यानं कागदावर काहीतरी लिहून डॉक्टरीणबाईला दिलं, आणि ती मला म्हणाली, "हे म्हणतात, ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांनी कपसुद्धा जिंकला पाहिजे. नाहीतर आमची अब्रू अजून जाईल." असा पाठिंबा मला जन्मात मिळाला नव्हता. मी त्याला नमस्कार केला.

सामना तू पाहिलाच आहेस. बरोबरी होऊन शूटआउटची पाळी आली तेव्हा गिलाववाल्याला ओरडायचं होतं पण जीभ बधिर, त्यामुळे तो नुसता मांडीवर थापा मारत होता. डॉक्टरीणबाईला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. हात धुवून, रुमालाला पुसत माझ्या शेजारी येऊन बसली आणि विचारायला लागली. हे पाच-पाच जणी का? ती एकटीच का धावतेय? घड्याळ का लावलं?

मी सांगायला लागले. म्हटलं, आठ सेकंद मिळतात, तेवढ्यात गोल करायचा. समोर फक्त गोलकीपर. ती म्हणाली, मग ही आडवी पडत का नाही, सगळी जागा झाकली जाईल. आणि मी म्हटलं, "आठ सेकंद त्या दुसरीचे आहेत, हिचे नाहीत. घाई तिला होऊ द्यायची. जी आधी पडते ती हरते. नजर चेंडूवर आणि पाय जमिनीवर."

माझ्या तोंडून तू बोलत होतीस. शब्द न् शब्द तुझा, हात हलवायची ढबसुद्धा. आणि ऐकत होती ती. मला एकदम कसंतरी झालं. आपल्याच घरातली वस्तू कुणाला देऊन बसावं आणि मग लक्षात यावं की ती आपली नव्हतीच, तसं. तुला न विचारता तुझी शिकवण मी तिला दिली, सूनबाई. आता दिली ती दिली. परत मागता येत नाही.

चार-चार जणी धावून झाल्या, आपले तीन गोल, त्यांचे दोन. त्यांची पाचवी मुलगी निघाली. मी डोळे मिटले.  मग वाटलं, तू कधी मिटू दिले नसतेस. उघडले. आपली पोर गोल सोडून बाहेर आली आणि थांबली. ती डावीकडे गेली, ही सरकली. ती उजवीकडे वळली, ही सरकली. पडली नाही. ती दुसरी लांब लांब जात राहिली, आणि भोंगा वाजला तेव्हा चेंडू अजून तिच्याच काठीशी होता.

मी कुणाचा तरी हात धरला होता. बघते तर डॉक्टरीणबाईचा.

गिलाववाला उभा राहून माझ्यापुढे वाकला आणि कापूस सांभाळत बाहेर गेला. टीव्हीवर त्या मुली एकमेकींवर पडल्या होत्या, आणि कॅमेरा त्यांच्या घरच्यांकडे फिरला. आया, बाप, कुणाचे नवरे, एक म्हातारी सासू असेल, नाहीतर आजी. तिथे माझा बांध फुटला. डॉक्टरीणबाईनं पेशंटच्या गळ्यात बांधतात तो कागदी रुमाल दिला. म्हणाली, "तुम्हाला फार आनंद झाला." मी म्हटलं, "माझी सून गोलकीपर होती."

इतके दिवस तिच्यासमोर मी तुझं नाव काढलं नव्हतं. ती कोण ते मला चमच्यांच्या दिवशीच कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिला. तरी दोघींची अळीमिळी गुपचिळी. तिनं उठून माशांना चिमूटभर खाणं टाकलं. म्हणाली, त्यानं मला हे सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "तुम्ही मला लगेच आवडायला नको. आपल्याला वेळ आहे."

उलटं बोलली ती. तिला म्हणायचं होतं, मी तुम्हाला लगेच आवडायला नको. पण मला दोन्हीही पटलं.

घरी आले तर हा आधीच आलेला. लॅपटॉपची बॅग अजून खांद्याला, आणि माझा फोन हातात. म्हणाला, "तिचा फोन होता. तीनदा वाजला, म्हणून घेतला." आठ महिन्यांनी त्यानं तुझा आवाज ऐकला, सूनबाई. काय बोललात ते मी विचारलं नाही. त्यानं आपण होऊन एवढंच सांगितलं की आई कुठे आहे असं तू विचारलंस आणि त्यानं खरं काय ते सांगितलं. म्हणजे दवाखाना, आणि दवाखाना कुणाचा.  हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि मी पत्रात चमचे मोजत बसले.

मग तुझा नंबर लावला. पहिली दहा मिनिटं तू आणि मी गोलकीपरच्या पायांवर बोललो. मग तू विचारलंस, "ती चांगली आहे का हो, आई?"

खोटं बोलता आलं असतं. तुलाही ते क्षणभर बरं वाटलं असतं. मी "हो" म्हटलं. तू म्हणालीस, "मग बरं." मी जन्मभर तारेवरून माणसांचे आवाज ऐकले आहेत. 'मग बरं' म्हणताना तुझा आवाज कुठे खाली गेला आणि तू तो कसा वर उचललास, ते मला ऐकू आलं. मी तुला विचारलं नाही, तू सांगू नकोस. पण मला ऐकू आलं, एवढं तुला माहीत असू दे.

आई

२१ तारीख, गुरुवार

सूनबाई,

काल संध्याकाळी तो लवकर आला. लिफ्ट बंद होती, पाच मजले चढून धापा टाकत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ते शनिवारचं शेवटचं बघायचंय. तुला लावून देऊ?"

मी म्हटलं, मी पाहिलंय. म्हणाला, मी नाही पाहिलं.

लॅपटॉप टेबलावर ठेवून आम्ही शेजारी शेजारी बसलो. सात वर्षं तू आणि मी बाहेरच्या खोलीत बोंबलायचो तेव्हा हा आत दार लोटून काम करायचा. आमचा त्याला त्रास नव्हता, त्याचा आम्हाला नव्हता. घर असंच चालतं असं मला वाटायचं. काल तो बघत होता. पाचवीच्या वेळी भोंगा वाजला, तसं त्यानं ते मागे नेलं आणि पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. मशीन कुठे अडतं ते बघतात तसं.

"ती हेच करायची? गोलमध्ये उभं राहून?"

"हेच. विद्यापीठाची कप्तान होती."

"कप्तान होती ते माहीत होतं," तो म्हणाला. "हे माहीत नव्हतं."

माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं. मग आता कळून काय उपयोग, हे आलं. तुला कुणी अडवलं होतं, हेही आलं. तो स्क्रीनकडे बघत होता आणि त्याच्या कानशिलाजवळचे केस पिकलेत ते मला पहिल्यांदा दिसलं. मी ते सगळं गिळलं, पण त्याच्या पाठीवर हातही फिरवला नाही. हात फिरवला असता तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि तू नसताना त्याला सोडवायची मी कोण?

हे तुझं मन वळावं म्हणून लिहीत नाहीये. वळायची वेळ गेली, ते मला कळतं. त्या दोघांचं लग्न पुढच्या महिन्यात ठरलंय. थाटमाट नाही, कचेरीत जाऊन सही करायची. त्यानं काल त्याच बैठकीत सांगितलं. मी थांबणार आहे. पोटचा आहे, त्याची सही बघायला मी हवी, आणि ती मुलगी माझ्या वाट्याला वाईट आलेली नाही. पण तुझ्याबद्दल या घरात काहीतरी कळलं, उशिरा का होईना कळलं, ते तुझ्यापासून लपवणं मला बरं वाटेना. त्याचं तू काय करायचं ते तुझं तू ठरव. फाडून टाकलंस तरी चालेल.

पत्रांबद्दल त्याला मी सरळ सांगितलं. म्हटलं, तू मोकळा आहेस, ती मोकळी आहे. पण मी तिला लिहिणार, आणि ती बोलली तर बोलणार. तुझी बायको नाही म्हणून माझी कुणीच नाही, हे मला जमायचं नाही.  मग म्हणाला, "लिही. मला दाखवू नकोस, आणि तिथलं काही मला सांगू नकोस." हे काही फार मोठ्या मनाचं बोलणं नव्हे. पण खरं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

सही झाली की मी निघणार. तिकीट काढून झालंय, बारा तारखेला घरी पोहोचते. घर आठ दिवस झाडण्यात जाईल. त्यानंतरच्या रविवारी येईन. रविवारी सकाळी तुझ्या शाळेतल्या मुलींचा सराव असतो म्हणालीस, आणि त्यातली ती उंच पोरगी दर वेळी घाईनं आडवी होते, काही केल्या ऐकत नाही, 'येऊन बघा एकदा' म्हणालीस. बोलण्याच्या भरात म्हणाली असशील. मी ते शब्दशः घेतलंय. मैदानावर बसून मी आजवर एकही खेळ पाहिलेला नाही, सगळं आयुष्य पडद्यावरच पाहिलं.

टोपी आणि पाण्याची बाटली माझी मी आणीन. मैदानाला कुठली बस जाते, तेवढं कळव.

आई